चेतापेशी वाटेतच थांबतात तेव्हा : मेंदूच्या स्थलांतर-विकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला या तालुक्यांतून लहान मुलांच्या फिटसाठी तपासणीला येणाऱ्या पालकांच्या हातात बहुधा एमआरआयचा अहवाल असतो, आणि त्यातला ‘लिसेन्सेफली’, ‘हेटरोटोपिया’ किंवा ‘कॉर्टिकल डिसप्लेजिया’ यांपैकी एखादा शब्द कोणीतरी पेनाने अधोरेखित केलेला असतो. घरातल्यांचा पहिला प्रश्न ‘कोणाचे चुकले?’ हा असतो. डॉक्टर मात्र तोच अहवाल ‘कधी चुकले?’ हा प्रश्न मनात धरून वाचतात, कारण या विकारांमध्ये कारण, तीव्रता आणि पुढच्या बाळंतपणातला धोका या तिन्ही गोष्टींचा माग वेळेवरूनच लागतो. खालील उत्तरे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने लिहिली आहेत. ती तपासणीला पर्याय नाहीत. तपासणीच्या खोलीत घाईत राहून गेलेले मात्र त्यांत सापडावे, अशी अपेक्षा आहे.

चेतापेशींचे स्थलांतर म्हणजे नेमके काय?

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी साधारण १६ अब्ज मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे सुरकुतलेल्या करड्या सालीत असतात. या सालीतली एकही चेतापेशी तिथे जन्मलेली नसते. गर्भाच्या मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांच्या भिंतीलगत पेशी तयार होतात आणि तिथून बाहेरच्या पृष्ठभागाकडे प्रवास करतात. हा प्रवास गर्भावस्थेच्या आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, बाराव्या ते विसाव्या आठवड्यांत त्याला जोर चढतो आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत त्याचा बहुतांश भाग पूर्ण होतो.

वाट दाखवायला एक विशिष्ट पेशी असते. तिला रेडिअल ग्लिया म्हणतात. तिचा एक पाय पोकळीच्या भिंतीला आणि दुसरा लांब तंतू थेट मेंदूच्या पृष्ठभागाला टेकलेला असतो. द्राक्षाची नवी बाग लावताना कोवळा फुटवा बांबूला सुतळीने बांधत बांधत मांडवाच्या तारेपर्यंत कसा नेतात, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. चेतापेशीही अशीच त्या तंतूला बिलगून वर चढते. पास्को राकिच यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या गर्भमेंदूत ही चढाई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. बांबूची उपमा पुढे मात्र अपुरी पडते, कारण ही रेडिअल ग्लिया नुसता आधार देत नाही. अनेक चेतापेशी तिच्याच विभाजनातून जन्मतात, हे नंतर २००० सालाच्या सुमारास स्पष्ट झाले.

सगळ्याच पेशी उभ्या चढत नाहीत. मेंदूतील उत्तेजना आवरून धरणाऱ्या शामक चेतापेशी मेंदूच्या तळाकडील वेगळ्या उंचवट्यांत तयार होतात आणि आडव्या वाटेने, बराच लांबचा पल्ला गाठून बाह्यकात शिरतात. त्यांतल्या काही तर जन्मानंतरचे पहिले काही महिने कपाळामागच्या भागात अजून चालतच असतात.

पेशीला कुठे थांबायचे, हे कसे कळते?

बाह्यकाचे सहा थर असतात आणि ते उलट्या क्रमाने भरतात. आधी आलेल्या पेशी खालचे थर धरतात, नंतर आलेल्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. जुन्या नाशकातल्या वाड्यात पहिला भाडेकरू तळमजल्यावर बसावा आणि प्रत्येक नव्या बिऱ्हाडाने त्याच्या दारावरून जिना चढत वरचा मजला गाठावा, तसा हा प्रकार आहे.

हा क्रम राखायला रीलिन नावाचे प्रथिन लागते. मेंदूच्या सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातील काहाल-रेट्झिउस पेशी ते स्रवतात. डग्लस फाल्कनर यांनी १९५१ साली झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांची एक जात नोंदवली होती. त्या उंदरांच्या बाह्यकात थरांचा क्रम पार विस्कटलेला आढळला. त्यामागचे जनुक सापडायला १९९५ साल उजाडले आणि त्यालाच रीलिन हे नाव मिळाले. माणसात हे जनुक दोन्ही प्रतींत बिघडले, तर मेंदू गुळगुळीत राहतो आणि लहान मेंदूही नीट वाढत नाही.

जनुकातल्या दोषाने पेशी वाटेत अडकते, म्हणजे काय होते?

पेशी एकसंध घरंगळत जात नाही. ती आधी पुढे एक शेंडा काढते, मग पेशीतील सेंट्रोसोम, म्हणजे सूक्ष्म नलिका जिथून निघतात तो ठिपका, त्या शेंड्याकडे सरकतो, आणि शेवटी जड केंद्रक मागून ओढून आणले जाते. पुन्हा शेंडा, पुन्हा ओढ. या ओढकामाला पेशीतल्या सूक्ष्म नलिका आणि त्यांच्यावरून धावणारे डायनीन हे चालक-प्रथिन लागते.

लिस-१ हे जनुक डायनीनच्या कामाचे नियमन करते. ते १७व्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे आणि १९९३ साली ओळखले गेले. माणसात बाह्यकाकडे जाणाऱ्या चेतापेशींच्या स्थलांतराचा विकार घडवणारे सापडलेले ते पहिले जनुक. डबलकॉर्टिन हे जनुक १९९८ साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्याचे प्रथिन सूक्ष्म नलिकांना टिकाऊपणा देते. त्याच वर्षी फिलामिन-ए या जनुकाचाही संबंध जोडला गेला. त्याचे प्रथिन पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिन-सांगाड्याचे धागे एकमेकांत गुंफते. ते नसेल, तर पेशी आपल्या जन्मस्थानापासून निघूच शकत नाही.

म्हणूनच अहवालातले चित्र पाहून बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला, याचा अंदाज बांधता येतो. पेशी पोकळीच्या काठालाच साचल्या असतील तर निघण्यात अडचण होती. अर्ध्या वाटेवर पट्टा करून बसल्या असतील तर चढण्यात. आणि पृष्ठभाग फोडून बाहेर सांडल्या असतील तर थांबण्यात.

एमआरआय अहवालातल्या शब्दांचे अर्थ काय?

लिसेन्सेफली म्हणजे गुळगुळीत मेंदू. वळ्या जवळजवळ नसतात किंवा मोजक्या, रुंद आणि जाड असतात. दुसऱ्या प्रकाराला पॅकिजायरिया म्हणतात. निरोगी बाह्यकाची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. या विकारात ती १० मिलिमीटरच्या वर जाते, आणि तिच्यात सहाऐवजी चारच अर्धवट थर दिसतात. साल जाड झाली म्हणजे पेशी जास्त झाल्या, असा समज बरेच पालक करून घेतात. प्रत्यक्षात वर पोहोचायच्या होत्या त्या पेशी खालीच गर्दी करून थांबलेल्या असतात. लिस-१च्या दोषात मेंदूचा मागचा भाग अधिक गुळगुळीत असतो, डबलकॉर्टिनच्या दोषात पुढचा. कोणते जनुक आधी तपासायचे, हे अनुभवी रेडिओलॉजिस्ट एवढ्यावरूनही सुचवू शकतो. लिस-१ आणि त्याच्या शेजारची जनुके एकत्रच गळाली असतील, तर चेहऱ्याची विशिष्ट ठेवणही दिसते आणि त्या स्थितीला मिलर-डिकर सिंड्रोम म्हणतात.

‘सबकॉर्टिकल बँड हेटरोटोपिया’ किंवा ‘डबल कॉर्टेक्स’ यात वरचा बाह्यक बराचसा ठीक दिसतो आणि त्याच्या खाली, पांढऱ्या भागात, करड्या पेशींचा आणखी एक पट्टा असतो. पट्टा जितका जाड, तितकी अडचण सहसा जास्त. ‘पेरिव्हेंट्रिक्युलर नोड्युलर हेटरोटोपिया’ यात पोकळ्यांच्या काठाने करड्या गाठी दिसतात. ‘गाठ’ हा शब्द ऐकून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : ही कर्करोगाची गाठ नाही, ती वाढत नाही आणि पसरत नाही. त्या चेतापेशीच आहेत, फक्त चुकीच्या जागी आहेत.

‘कॉबलस्टोन’ प्रकारात मेंदूवरचे पातळ आवरण जागोजागी फाटते आणि पेशी हद्द ओलांडून बाहेर जातात. आवरणाला पेशींशी बांधून ठेवणाऱ्या डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनाचा त्यात दोष असतो. तेच प्रथिन स्नायूंतही लागते, त्यामुळे या मुलांचे स्नायू आणि बहुधा डोळेही बाधित असतात.

‘पॉलिमायक्रोजायरिया’ म्हणजे लहान लहान आणि अतोनात वळ्या. यातली गडबड स्थलांतराच्या शेवटी किंवा त्यानंतर होते आणि जनुकांखेरीज गर्भातला विषाणुसंसर्ग किंवा रक्तपुरवठ्यातील खंडही तिला कारण ठरतो. ‘फोकल कॉर्टिकल डिसप्लेजिया’ हा एखाद्या छोट्या भागापुरता मर्यादित बिघाड असतो आणि तो एमआरआयवर सहज निसटतो.

आईला थोडासा त्रास आणि मुलाला इतका गंभीर, हे कसे?

डबलकॉर्टिन आणि फिलामिन-ए ही दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पण त्यांतले एकच कामावर असते आणि दुसरे गप्प केलेले असते. कोणते गप्प करायचे, हे प्रत्येक पेशीत आरंभीच जवळपास नाणेफेकीने ठरते. त्यामुळे दोष असलेल्या स्त्रीच्या मेंदूत काही पेशी धडधाकट असतात आणि वर पोहोचतात, तर काही मागे राहून दुसरा पट्टा किंवा गाठी तयार करतात. मुलाकडे एकच एक्स असतो. डबलकॉर्टिनचा दोष आला, तर त्याला सहसा लिसेन्सेफली होते. फिलामिन-एच्या गंभीर दोषात मुलगा असलेला गर्भ अनेकदा जन्मापर्यंत टिकत नाही. एखाद्या घरात वारंवार गर्भपात झाले असतील आणि आईला तरुणपणापासून अधूनमधून फिट येत असतील, तर आईचाही एमआरआय करायला सांगितला जातो तो यासाठी. सासरच्या मंडळींना हे पटवणे कधी कधी तपासणीपेक्षा अवघड जाते.

पेशी जिवंत आहेत, तर मग फिट का येतात?

चुकीच्या जागी राहिलेल्या पेशी निकामी नसतात. त्या शेजाऱ्यांशी आणि लांबच्या भागांशीही जोडण्या करतात. मात्र त्या जोडण्यांचा आराखडा वेगळा असतो आणि त्यांना आवरणाऱ्या शामक पेशींचा वाटा अपुरा असू शकतो. अशा जाळ्यात विद्युत उत्तेजना एकदा सुरू झाली की लवकर थांबत नाही. एआरएक्स या जनुकाच्या दोषात तर शामक पेशींचीच आडवी वाटचाल बिघडते.

लिसेन्सेफली असलेल्या बहुतेक बाळांना पहिल्या वर्षाच्या आत फिट सुरू होतात. त्यांतला एक प्रकार घरी ओळखू येत नाही : बाळ झोपेतून उठताना एकदम दचकल्यासारखे हात पसरते, मान पुढे टाकते, क्षणभराने पुन्हा तेच, असे एकामागून एक झटके. पोटात दुखत असेल, दचकले असेल, असे समजून आठवडे निघून जातात. यांना इन्फंटाइल स्पाझम म्हणतात, आणि ते थांबवायला जितका उशीर होईल तितकी बाळाची प्रगती अधिक खुंटते. मोबाइलवर चित्रीकरण करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्या एका चित्रफितीने वर्णनाची दहा वाक्ये वाचतात.

स्थलांतरातला बिघाड म्हणजे मूल मतिमंद असणारच का?

नाही. पोकळीच्या काठाने गाठी असलेल्या अनेक व्यक्तींची बुद्धी सर्वसाधारण असते. पहिली फिट कधी कधी दहावी-बारावीच्या वयात येते आणि तोवर कोणाला काही ठाऊक नसते. काहींना वाचनाचा वेग गाठणे जड जाते, आणि शाळा त्याला आळस म्हणते.

कालमन सिंड्रोम हे आणखी वेगळे उदाहरण आहे. वयात येण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाची सूत्रे हलवणाऱ्या काही चेतापेशी गर्भाच्या नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या नसांच्या आधाराने मेंदूत शिरतात. ही वाट तुटली, तर मुलाला वास येत नाही आणि तो वेळेवर वयातही येत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटत नाही म्हणून आणले जाते आणि निदान मात्र ‘वास येतो का?’ या साध्या प्रश्नाने होते. संप्रेरकांच्या उपचाराने यात चांगला फरक पडतो.

स्वमग्नता आणि वाचन-अक्षमता यांच्याशीही स्थलांतरातल्या बारीक विस्कळीतपणाचा संबंध संशोधकांनी तपासला आहे. तरीही स्वमग्न मुलाचा एमआरआय बहुतेक वेळा सामान्यच असतो, आणि केवळ त्या निदानावरून ‘पेशी सरकल्या नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये.

गरोदरपणात माझे काय चुकले? ग्रहणात मी विळी हातात घेतली होती.

ग्रहण, विळी, पपई, गाडीवरचा प्रवास, सासूशी झालेला वाद यांपैकी कशानेही चेतापेशींची वाट बदलत नाही. यांतल्या बऱ्याच विकारांमागे जनुकातला बदल असतो, आणि तो अनेकदा आईवडिलांपैकी कोणाकडेही नसून गर्भधारणेच्या वेळी नव्याने घडलेला असतो. स्थलांतर ऐन भरात असते तेव्हा अनेकींची ओकारी थांबून जरा बरे वाटू लागलेले असते. आत काय चालले आहे, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नसतो.

बाहेरून येणारी काही कारणे मात्र खरी आहेत. सायटोमेगॅलो हा विषाणू त्यांत महत्त्वाचा आहे. प्रौढांत तो साध्या सर्दीतापासारखा येऊन जातो, पण गर्भात पोहोचला तर पॉलिमायक्रोजायरिया, मेंदूत चुन्याचे ठिपके आणि बहिरेपण देऊ शकतो. बाळाला हा संसर्ग गर्भातच झाला होता का, हे खात्रीने सांगायचे तर लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मानंतर पहिल्या तीन आठवड्यांतच करावी लागते. मद्यही या पेशींच्या वाटचालीत अडथळा आणते. किरणोत्साराविषयीची माहिती हिरोशिमा आणि नागासाकीतून आली : १९४५ साली गर्भधारणेनंतरच्या ८ ते १५ आठवड्यांत असलेल्या बालकांत बौद्धिक अक्षमतेचा धोका सर्वाधिक दिसला. दाताचा किंवा छातीचा एखादा एक्स-रे त्या मात्रेच्या जवळपासही जात नाही.

मी द्राक्षबागेत कामाला जात होते. फवारणीमुळे झाले असेल का?

जिल्ह्यात हा प्रश्न सतत येतो आणि तो रास्त आहे. एखाद्या विशिष्ट बाळाच्या गुळगुळीत मेंदूचे खापर एखाद्या विशिष्ट फवारणीवर फोडता येईल, असा पुरावा नाही. तरीही शेतीतले रसायन आणि चेतापेशींचे स्थलांतर यांचा संबंध दाखवणारी एक दुर्दैवी घटना इतिहासात आहे. इराकमध्ये १९७१-७२ साली पेरणीसाठी आलेले, मिथाइल-पाऱ्याचे बुरशीनाशक चोळलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले. गर्भात असताना विषबाधा झालेल्या बालकांच्या मेंदूची पुढे तपासणी झाली, तेव्हा चेतापेशी भलत्याच जागी थांबलेल्या आढळल्या. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा गर्भाच्या मेंदूच्या एकूण वाढीवर परिणाम होतो, असेही काही अभ्यास सुचवतात. तेव्हा गरोदर स्त्रीने फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतर काही दिवस बागेत जाऊ नये, फवारणीचे कपडे तिने धुऊ नयेत आणि बीजप्रक्रिया केलेले धान्य घरात खाण्याच्या धान्याजवळ ठेवू नये. मजुरी बुडते म्हणून हे पाळले जात नाही, हे मला ठाऊक आहे; बागमालकाने त्या दिवसांत तिला वेगळे काम द्यावे, एवढेच म्हणता येते.

फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घेतल्या होत्या. तरीही असे का?

त्या गोळ्या मज्जानलिका, म्हणजे गर्भात जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, बंद न होण्याचे दोष टाळतात. ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. स्थलांतर त्याच्या बरेच नंतरचे आहे. गोळ्या घेणे योग्यच होते.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ होती. मग डॉक्टरांच्या लक्षात का आले नाही?

१८ ते २० आठवड्यांत प्रत्येकच बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. वळ्या त्यानंतर पडतात. त्यामुळे त्या सोनोग्राफीत लिसेन्सेफली न दिसणे हा सहसा हलगर्जीपणा नसतो. पाहण्यासारखे तेव्हा काही नसतेच. पोकळ्या मोठ्या दिसल्या, डोके लहान वाटले किंवा आधीच्या अपत्याला हा विकार असला, तर गर्भाचा एमआरआय सुचवला जातो, आणि वळ्यांविषयी भरवशाने बोलायचे तर तोही तिसऱ्या तिमाहीतच करावा लागतो.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१च्या सुधारणेनुसार, वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले, तर चोवीस आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. निर्णय गरोदर स्त्रीचा असतो. मंडळाकडे जाण्याची वाट स्त्रीरोगतज्ज्ञांनी वेळेत दाखवावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा तिला हक्क आहे.

आमचे लग्न नात्यात झाले आहे. पुढच्या बाळालाही असेच होईल का?

उत्तर जनुकावर अवलंबून आहे, त्यामुळे आधी आजारी मुलाची जनुकीय तपासणी व्हायला हवी. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. अशा जोडप्यात दोघांकडेही आजी-आजोबांकडून आलेली एकच दोषयुक्त प्रत असण्याची शक्यता वाढते. कॉबलस्टोन प्रकार, रीलिनचा दोष आणि पॉलिमायक्रोजायरियाचे काही प्रकार या वाटेने येतात. त्यांत प्रत्येक गर्भधारणेत धोका २५ टक्के राहतो.

लिस-१मधला बदल बहुधा नव्याने घडलेला असतो आणि पुन्हा होण्याचा धोका एक टक्क्याच्या आसपास असतो. मात्र मिलर-डिकर सिंड्रोमच्या साधारण पाचांपैकी एका बाळात आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची सुप्त अदलाबदल कारण असते, म्हणून दोघांची गुणसूत्र-तपासणी टाळू नये. आईकडे डबलकॉर्टिनचा दोष असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यातून किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलातून तोच बदल तपासता येतो. १९९४च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने अशा जनुकीय विकारांच्या तपासणीला मान्यता दिलेली आहे. गर्भाचे लिंग सांगण्यावरची बंदी मात्र तशीच राहते.

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला सांगितले आहे. करावे का?

श्रद्धा हा कुटुंबाचा विषय आहे आणि त्यावर मत देणे हे या पानाचे काम नाही. विधीच्या तीन दिवसांत बाळाचे फिटचे औषध एकही वेळ चुकवू नये, आणि विधीसाठी कर्ज काढून एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख) पुढे ढकलू नये. ‘पितृदोष’ हे उत्तर मिळाल्यावर जनुकीय तपासणी करायची राहून जाते, आणि दुसरे मूलही तोच आजार घेऊन येते, असे घडताना पाहिले आहे. म्हणून हा प्रश्न येथे घेतला.

यावर उपचार काय?

स्थलांतराची वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे पेशी जागेवर नेणारे औषध नाही. उपचार परिणामांवर होतात. इन्फंटाइल स्पाझमसाठी एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शने, प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन वापरतात. इतर फिटसाठी औषधे प्रकारानुसार निवडली जातात. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे फसली, तर त्या फिटना औषधांना दाद न देणाऱ्या मानतात आणि तिथून पुढे निव्वळ औषधे बदलत वर्षे घालवू नयेत. कीटोजेनिक, म्हणजे स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी कमी असलेला आहार हा एक पर्याय आहे, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. घरात ‘भाकरी बंद, तूप सुरू’ असा प्रयोग करू नये.

फोकल कॉर्टिकल डिसप्लेजिया असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. बिघाड एका जागी असेल आणि बोलण्या-चालण्याची केंद्रे वाचवून तो भाग काढता येत असेल, तर शस्त्रक्रियेने फिट पूर्ण थांबू शकतात. एमआरआय ‘नॉर्मल’ आला तरी तो अपस्माराच्या विशिष्ट पद्धतीने आणि शक्यतो ३ टेस्ला (अधिक शक्तिशाली चुंबकाच्या) यंत्रावर पुन्हा करून घ्यावा. दोन वर्षांखालच्या बाळाच्या मेंदूत करडा आणि पांढरा भाग यांतला फरक पुरेसा उठून दिसत नाही, म्हणून त्या वयातला एमआरआय पुढे पुन्हा करण्याची वेळ येते.

गिळण्याकडे दुर्लक्ष होते आणि ते महागात पडते. लिसेन्सेफलीच्या बाळांत दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो. आडवे निजवून वाटीचमच्याने दूध पाजणे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. बाळाला उभ्या अंगाने धरून पाजावे आणि खोकला येत राहिला तर नळीने पोषण देण्याचा निर्णय लांबवू नये.

स्टेम सेल उपचाराने मेंदूला वळ्या पडतील का?

पडणार नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा विकारांसाठी स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेण्याची पद्धत नसते. लाखो रुपयांचे पॅकेज सांगितले जात असेल, तर जमीन विकण्याआधी दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाचे मत घ्यावे.

प्राण्यांवरील संशोधनात मात्र आशा दिसली आहे. २००९ साली उंदरांच्या पिलांत डबलकॉर्टिन जन्मानंतर पुन्हा कार्यान्वित केल्यावर अडकलेल्या काही पेशी पुढे सरकल्या आणि फिट येण्याची प्रवृत्ती कमी झाली. उंदराच्या पिलाचा मेंदू जन्माच्या वेळी माणसाच्या बाळापेक्षा बराच अपक्व असतो, ही गोष्ट बातमी वाचताना निसटते.

फिट आल्यावर घरी काय करावे? शासकीय मदत कुठे मिळते?

बाळाला कुशीवर वळवावे आणि वेळ पाहावी. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती पाच मिनिटांच्या पुढे गेली, तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारावा आणि रुग्णालय गाठावे. मुलाचे वजन वाढले की या फवाऱ्याची मात्रा बदलते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर पाठवतात. सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या तालुक्यांतील पालकांना ही वाट सर्वांत सोयीची पडते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, २०१६च्या कायद्यानुसार मिळते. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असल्यास ‘निरामय’ या आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाचे संरक्षण मिळते.

मुलीच्या मेंदूत गाठी आहेत, पण ती पदवीधर आहे आणि फिट औषधाने आटोक्यात आहेत. तिच्या लग्नाचे काय?

लग्न करता येते. अपस्मार हे कारण १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून वगळले गेले आहे. तरीही मुलाकडच्यांना आधी सांगावे, कारण लपवलेली गोळीची डबी पहिल्या महिन्यातच सापडते, आणि धास्तीने औषध बंद केलेल्या मुली आमच्याकडे बेशुद्ध अवस्थेत येतात.

लग्नाआधी फिलामिन-एची तपासणी करून घ्यावी. दोष आढळल्यास हृदयाची इकोकार्डिओग्राफी आवश्यक आहे. या जनुकाच्या दोषात महाधमनी रुंदावणे आणि हृदयाच्या झडपांचे विकार आढळतात, आणि गरोदरपणात त्यांचा ताण वाढतो. ती सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध घेत असेल, तर गर्भधारणेच्या बऱ्याच आधी मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून औषध बदलण्याचा विचार करावा, कारण ते गर्भाला हानिकारक ठरू शकते. दिवस राहिल्यावर घाबरून कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आईचा एमआरआय आणि तिच्या जनुकीय अहवालाची प्रत माहेरच्या कपाटात न ठेवता तिच्यासोबत सासरी पाठवावी; बाळंतपण कुठेही झाले तरी तिथल्या डॉक्टरांना ती पहिल्या भेटीतच लागते.